सारखं काय, वेगळं काय: एका साच्यातून अनेक लिनक्स मशीन

काही वर्षांपूर्वी एका लिनक्स शिकवणीसाठी मला आठ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत चालणारे आठ कॉम्प्युटर, हवी होती. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराचं एक मशीन मी हाताने, मन लावून बसवलं. लागणारी पॅकेजं (तयार प्रोग्राम) घातली, युजर तयार केला, सगळं तपासलं आणि त्याच्या सात प्रती काढल्या. आठही सुरू केली, पत्ते बघायला गेलो, तर आठही मशीनना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच मिळालेला.

मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख, तपासले. ते वेगवेगळे होते. प्रत काढणाऱ्या आज्ञेने ते काम चोख केलं होतं. मग मशीनना आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सगळ्यांना एकच पत्ता का देत होता? अर्धा दिवस गेल्यावर कारण सापडलं. मशीन सुरू करून सांभाळणारा सिस्टमडी हा प्रोग्राम वापरणाऱ्या लिनक्समध्ये ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात ३२ अक्षरांची ओळख असते आणि ती एकदाच तयार होते. उबंटू सर्व्हर डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅक पत्ता पुढे करत नाही, या मशीन-आयडीवरून तयार केलेली ओळख पुढे करतो. माझ्या आठही मशीननी रांगेत उभं राहून एकच आधार क्रमांक सांगितला होता. डीएचसीपी सर्व्हरच्या लेखी तो एकच माणूस आठ वेळा आला होता.

त्याहून घातक गोष्ट मागाहून कळली. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या सोयीने, त्या पत्त्यावर गेलं की कधी तिसरं मशीन उत्तर द्यायचं, कधी पाचवं. अशा वेळी एसएसएच एरवी मोठ्याने सांगतं: या सर्व्हरची ओळख बदलली आहे, सावध राहा. इथे त्याने चकार शब्द काढला नाही, कारण ओळख पटवणाऱ्या होस्ट कीसुद्धा प्रतीबरोबर जशाच्या तशा आल्या होत्या. तिसरं समजून मी पाचव्या मशीनची कॉन्फिगरेशन फाइल बदलली.

अनेक मशीन एकदम उभी करण्याचा सगळा विषय या एका प्रसंगात आहे, म्हणून तो आधी सांगितला. ऑटोमेशन म्हणजे वेग, असं पुष्कळांना वाटतं. वेग तर मला त्या दिवशीही मिळाला होता. खरं काम निवडायचं असतं: सगळ्या मशीनमध्ये सारखं काय हवं, आणि प्रत्येकाचं स्वतःचं काय हवं. हे दोन ढीग नीट वेगळे केले की हत्यार कोणतंही चालतं. वेगळे केले नाहीत तर महागातलं हत्यारही चुकीची गोष्टच भराभर करतं.

पेणच्या गणपती कारखान्यांत हे काम डोळ्यांना दिसतं. साच्यातून एकसारख्या कच्च्या मूर्ती निघतात आणि गाड्या भरून गावोगावी जातात. पण डोळ्यांची आखणी साच्यात होत नाही. ती एकेका मूर्तीवर, कसलेल्या हाताने, शेवटी होते. व्हर्च्युअल मशीनलाही साचा लागतो आणि आखणीही लागते. मी त्या दिवशी आखणी झालेल्या मूर्तीचाच साचा काढला होता.

साचा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. मेमरी आणि प्रोसेसरचे कोअर त्याला खऱ्या मशीनकडून वाटून मिळतात. त्याची हार्ड डिस्क मात्र खऱ्या मशीनवरची एक फाइल असते. लिनक्सवर हे काम केव्हीएम करतं. २००७ साली आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२० पासून ते कर्नलचाच भाग आहे, त्यामुळे वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. त्याच्यावर लिबव्हर्ट नावाचा थर असतो. त्याच्या आज्ञांनी मशीन तयार करता येतं, थांबवता येतं, पुसता येतं. पुढची उदाहरणं याच जोडीवरची आहेत. भाड्याच्या क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर, गेलात तर नावं बदलतील, विचार तोच राहील.

दहा मशीन हवी असतील तर दहा वेळा इन्स्टॉलर चालवणं ही सगळ्यांत साधी पद्धत. भाषा कोणती, टाइमझोन कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, पासवर्ड काय. चौथ्या मशीनपर्यंत लक्ष असतं. सातव्याला टाइमझोन निवडायचा राहतो आणि तीन महिन्यांनी लॉगमधल्या (मशीनच्या नोंदींमधल्या) वेळा बरोबर साडेपाच तासांनी मागे का आहेत, याचा शोध घेत बसावं लागतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून देणं. रेड हॅटच्या घराण्यात त्याला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड आणि उबंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. इन्स्टॉलर ती फाइल वाचतो आणि कोणाला काही न विचारता पुढे जातो. रॅकमध्ये बसवायच्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे, कारण तिथे डिस्क कोरी असते आणि नेटवर्कवरून बूट करून इन्स्टॉलर पोहोचवायचा असतो. व्हर्च्युअल मशीनसाठी दर वेळी इन्स्टॉलर चालवणं मात्र प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने दळण आणण्यासारखं आहे.

पीठ तयार मिळतं. डेबियन, उबंटू, फेडोरा हे सगळे आता बसवून झालेली डिस्क फाइलच प्रसिद्ध करतात. तिला क्लाउड इमेज म्हणतात. काहीशे एमबीची ती फाइल उतरवून घ्यायची, सोबत दिलेल्या चेकसमशी (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणाऱ्या आकड्याशी) ताडून बघायची, झालं. आत लिनक्स आहे, पण कोणत्याही एका मशीनची ओळख नाही: होस्ट की नाहीत आणि चालेल असा पासवर्ड एकाही युजरला नाही. ही इमेज पहिल्यांदा सुरू करून लॉगिनशी अडकलेले बरेच जण मला विचारतात, 'सर, याचा पासवर्ड काय?' पासवर्ड नाहीच. मूर्ती कच्ची आहे, आखणी व्हायची आहे.

आता दहा मशीनसाठी या फाइलीच्या दहा पूर्ण प्रती काढायची गरज नाही. क्यूकाउ-टू नावाच्या डिस्क फाइलीत एक सुंदर सोय आहे. नवी फाइल तयार करताना तिला सांगता येतं की तुझ्या खाली ही मूळ फाइल आहे. वाचायचं ते खालून वाच, लिहायचं ते स्वतःवर लिही. खाली एकच नकाशा आणि त्याच्यावर दहा ट्रेसिंग पेपर, असं समजा. प्रत्येक कागदावर ज्याची त्याची रेघ, नकाशा सगळ्यांना एकच. वीस जीबीची अशी नवी डिस्क माझ्या मशीनवर सेकंदाच्या आत तयार होते आणि सुरुवातीला तिचं प्रत्यक्ष वजन दोनशे केबीच्या आसपास भरतं. आत जसजसं लिहिलं जाईल तसतशी ती वाढते.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. वरचे कागद वापरात असताना खालच्या नकाशाला हात लावायचा नाही. 'मूळ इमेज एकदा चालवून अपडेट करून घेऊ' असं म्हणून कोणी ती सुरू केली, की वरच्या दहाही डिस्कचा खालच्याशी ताळमेळ तुटतो. बिघाड लगेच दिसेलच असंही नाही. एखादी फाइल उघडताना आठवड्याने दिसतो. मी मूळ फाइल फक्त वाचता येईल अशा परवानगीने ठेवतो आणि तिच्या नावात तारीख घालतो. नवी इमेज आली की ती नव्या नावाने येते; जुनीवर उभी असलेली मशीन जुनीवरच राहतात.

सारखं असेल ते एकदाच ठेवायचं, हा विचार मेमरीतही चालतो. कर्नलमध्ये केएसएम म्हणून एक सोय २००९ पासून आहे. ती वेगवेगळ्या मशीनच्या मेमरीतली तंतोतंत सारखी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) शोधते आणि एकाच जागी ठेवते. एकाच साच्याची दहा मशीन असली की अशी पानं बरीच सापडतात. अनोळखी लोकांची मशीन शेजारी शेजारी असतील तिथे ती बंद ठेवावी, कारण कोणती पानं एकत्र झाली यावरून शेजाऱ्याबद्दल काहीबाही ताडता येतं. घरच्या प्रयोगशाळेत खुशाल वापरा.

आणि आधी वापरलेल्या मशीनचाच साचा करायची वेळ आली तर? मग ओळख पुसावी लागते. मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची (काढून टाकायची नाही, रिकामी, पुढच्या बूटला सिस्टमडी नवी ओळख लिहितं), होस्ट की काढायच्या, जुने लॉग आणि डीएचसीपीच्या नोंदी झाडायच्या. व्हर्ट-सिसप्रेप ही आज्ञा यातलं बहुतेक सगळं एका फटक्यात करते. ती बंद मशीनच्या डिस्कवरच चालवायची. चालू मशीनवर चालवली तर डिस्क खराब होऊ शकते.

आखणी

कच्च्या मूर्तीला डोळे देण्याचं काम क्लाउड-इनिट करतं. ही प्रणाली मुळात क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या उबंटू मशीनसाठी तयार झाली आणि आता जवळपास प्रत्येक क्लाउड इमेजमध्ये आधीपासून बसवलेली असते. मशीन पहिल्यांदा जागं झालं की क्लाउड-इनिट विचारतं: मी कोण? क्लाउडवर याचं उत्तर १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर मिळतं. आपल्या केव्हीएमवर तसा सर्व्हर नसतो, म्हणून आपण एक इवलीशी सीडी इमेज तयार करून मशीनला जोडतो. तिचं लेबल सीआयडेटा असायला हवं. त्या लेबलावरूनच क्लाउड-इनिट तिला ओळखतं. आत दोन फाइली: मेटा-डेटा आणि युजर-डेटा.

माझी युजर-डेटा फाइल वीस-बावीस ओळींची आहे. मशीनचं नाव, एक युजर, त्याची एसएसएच पब्लिक की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ली), पासवर्डने लॉगिन बंद, टाइमझोन आशिया-कोलकाता आणि तीन पॅकेजं. यातलं नाव सोडलं तर बाकी सगळं सगळ्या मशीनना सारखं आहे, म्हणजे वेगळं ते एका ओळीत मावलं. हा क्षण मला फार आवडतो: दोन ढीग खरंच वेगळे झाल्याची ती खूण असते.

या फाइलीत नवखे हमखास दोन ठिकाणी अडखळतात. पहिली ओळ हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून क्लाउड-कॉन्फिग अशी असावी लागते. वाचणाऱ्याला ती कमेंट वाटते, म्हणून कोणी ती काढून टाकतं, कोणी हॅशनंतर एक जागा सोडतं. तेवढ्याने क्लाउड-इनिट फाइल ओळखत नाही. मशीन व्यवस्थित सुरू होतं, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत, फक्त तुमचा युजर तयार झालेला नसतो. लॉगमध्ये इशारा असतो, पण लॉग वाचायला आत जायला हवं आणि आत जायला दार नाही. दुसरी अडखळण्याची जागा म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा. ही फाइल यॅमल नावाच्या लिहायच्या पद्धतीत असते आणि यॅमलला टॅब चालत नाही. स्पेसच द्यावे लागतात, आणि तेही मोजून. मशीन उभं करण्याआधी क्लाउड-इनिटच्या स्कीमा आज्ञेने फाइल तपासून घेतली तर हे दोन्ही प्रकार आधीच पकडले जातात.

मेटा-डेटात इन्स्टन्स-आयडी नावाची एक ओळ असते आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट हा आयडी लिहून ठेवतं. पुढच्या वेळी तोच दिसला की आखणी झाली आहे असं समजून युजर, की वगैरेंना ते हात लावत नाही. वेगळा दिसला की हे नवं मशीन आहे असं धरून पुन्हा पहिल्यापासून आखणी करतं आणि होस्ट कीही नव्या बनवतं. म्हणून हा आयडी प्रत्येक मशीनला वेगळा द्यायचा आणि एकदा दिला की बदलायचा नाही. डेटाबेसचे पासवर्ड, एपीआय की असल्या गोष्टी मात्र युजर-डेटात लिहू नका. ती फाइल मशीनवर मागे उरते आणि सीडी इमेजमध्येही कोणालाही वाचता येते.

यादी

साचा झाला, आखणी झाली. आता मशीन किती आणि कोणती, ते लिहायचं. माझ्याकडे पाच मशीन आहेत आणि त्यांना क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेतल्या नद्यांची नावं आहेत: कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. एका साध्या फाइलीत एका ओळीला एक नाव, पुढे मेमरी आणि कोअर. चाळीसेक ओळींची बॅश स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची फाइल) ती यादी वाचते, प्रत्येक नावासाठी ट्रेसिंग पेपर तयार करते, सीडी इमेज बनवते आणि व्हर्ट-इन्स्टॉलला सांगते की इन्स्टॉलर नको, ही तयार डिस्क घे आणि मशीन सुरू कर. चहा उकळेपर्यंत पाचही मशीन उभी असतात. सुरुवात इथूनच करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ तुम्ही स्वतः लिहिलेली असते, त्यामुळे बिघाड झाला तर कुठे बघायचं ते कळतं.

स्क्रिप्टची मर्यादा दुसऱ्यांदा चालवताना कळते. यादीत सहावं नाव घातलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर ती पहिल्या नावापाशीच 'हे मशीन आधीच आहे' म्हणून थांबते. त्यासाठी अट घालावी लागते. मग मेमरी बदलली तर काय, नाव काढलं तर काय, अशा अटी वाढत जातात. या टप्प्यावर टेराफॉर्म कामाला येतं. २०१४ साली आलेलं हे हत्यार वेगळ्या अंगाने विचार करतं. काय करायचं ते तुम्ही लिहीत नाही. शेवटी काय असायला हवं ते लिहिता. आत्ता काय आहे ते टेराफॉर्म बघतं, दोन्हींतला फरक काढतं आणि काहीही करण्याआधी तो फरक तुमच्यासमोर ठेवतं: इतकी तयार होतील, इतकी बदलतील, इतकी पुसली जातील. २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलला, तेव्हा खुल्या परवान्यावर राहू इच्छिणाऱ्यांनी त्याचाच फाटा काढून ओपनटोफू सुरू केलं. लिहायची पद्धत दोन्हींची जवळपास सारखीच आहे.

तो फरक शब्द न शब्द वाचा. का, ते सांगतो. टेराफॉर्ममध्ये मशीन क्रमांकाने मोजता येतात: शून्य कृष्णा, एक कोयना, दोन वेण्णा. समजा कोयनेची गरज संपली आणि तुम्ही यादीतून तिची ओळ काढली. माणसाच्या मनात चित्र असतं की कोयना जाईल, बाकी दोघी राहतील. पण क्रमांकाच्या हिशोबात आता एक नंबरवर वेण्णा आली आणि दोन नंबर रिकामा झाला. टेराफॉर्म म्हणतं: एक नंबरचं मशीन बदलून त्याची वेण्णा करतो आणि दोन नंबरचं पुसतो. दोन नंबरचं म्हणजे तुमची खरी, चालू, आत माहिती असलेली वेण्णा. ओळखीच्या दुसऱ्या एका टीममध्ये असं चालू मशीन जाताना मी पाहिलंय. पडद्यावर सगळं लिहून आलं होतं आणि घाईत कोणीतरी 'येस' टाइप केलं होतं. उपाय सोपा आहे. क्रमांकाऐवजी नावाने मोजायची सोय आहे, पहिल्या दिवसापासून तीच वापरायची. इथेही मुद्दा ओळखीचाच: मशीनची ओळख रांगेतल्या जागेवरून ठरवली की रांग हलल्यावर ओळखही हलते.

टेराफॉर्म आपली आठवण स्टेट नावाच्या फाइलीत ठेवतं. ती हरवली की चालू मशीनही त्याला अनोळखी होतात. तिच्यात पासवर्डही उघडे असू शकतात, म्हणून फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये ती टाकायची नाही. सुरक्षित जागी ठेवायची आणि बॅकअप घ्यायचा.

मशीन उभी राहिल्यावर त्यांच्यात रोज होणारे बदल करायला मी अ‍ॅन्सिबल वापरतो. मशीनमध्ये त्याचा वेगळा प्रोग्राम (एजंट) बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की भागतं. समजा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हवा आहे: 'एनजिनएक्स बसव' असं सांगायचं नाही, 'एनजिनएक्स बसवलेलं असू दे' असं सांगायचं. आधीच असेल तर ते काहीच करत नाही, त्यामुळे तीच फाइल दहा वेळा चालवली तरी धक्का बसत नाही. मशीन वाढली की एक आकडा लक्षात ठेवा: अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाचच मशीनवर काम करतं. पन्नास मशीनला ते हळू वाटलं तर आधी फोर्क्सचा, म्हणजे एका वेळी किती मशीन हाताळायची त्याचा, आकडा वाढवून बघा.

क्लाउड-इनिट आणि अ‍ॅन्सिबल यांच्या सांध्यावर एक त्रास होतो आणि तो भल्याभल्यांना चकवतो. मशीनचं एसएसएच लवकर सुरू होतं, पण तेव्हा क्लाउड-इनिट आत पॅकेजं बसवत असतं. अ‍ॅन्सिबल आत शिरून स्वतःची पॅकेजं बसवू बघतं आणि एपीटीला (पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेला) कुलूप लागलंय अशी चूक येते. पुन्हा चालवलं की चालतं, म्हणून लोक सोडून देतात. तसं करू नका. क्लाउड-इनिटच्या स्टेटस आज्ञेला वेट जोडून पहिल्या पायरीत चालवा. आखणी पुरती होईपर्यंत ती थांबून राहते.

एवढं उभं झालं की महिन्यातून एकदा एक मशीन मुद्दाम पुसायचं आणि फक्त लिहिलेल्या फाइलींवरून परत उभं करायचं. त्यासाठी माहितीची डिस्क सिस्टमच्या डिस्कपासून वेगळी ठेवावी लागते, आणि पुसताना ती आधी सोडवून घ्यावी लागते. गेल्या खेपेला सावित्री पुसली. चार मिनिटांत परत आली, माहिती जागेवर होती, पण रात्रीचा बॅकअप झाला नाही. तपासलं तर त्याची क्रॉनची (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी) ओळ मी कधीतरी थेट मशीनवर जाऊन हाताने घातली होती आणि कुठेच लिहून ठेवली नव्हती. ती आता अ‍ॅन्सिबलच्या फाइलीत आहे. या शनिवारी गायत्रीची पाळी आहे.